कोरड्या ओढ्यातली आज्ञा

शास्त्रपाठ : २ राजे ३:९-२०



२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तहानलेल्या शहराला रुळांवरून पाणी न्यावे लागले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला. उभी पिके गेली, आणि अनेक ठिकाणी पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली. एकाच प्रदेशाने एका दशकात ही दोन्ही टोके पाहिली. आपल्यापैकी कोणी इंदूरला, कोणी हैदराबादला, कोणी दिल्लीला वा बंगळूरला स्थायिक झाले असतील. तरी ज्या गावाहून आपले आजोबा-पणजोबा निघाले ते गाव बहुधा नगर, जालना, बीड, औरंगाबाद, सोलापूर याच पट्ट्यातले असते. (यांपैकी औरंगाबादला आता छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरला अहिल्यानगर म्हणतात.) म्हणून हा प्रश्न परक्यांचा नाही.

या प्रश्नाकडे विश्वासणाऱ्याने कसे पाहावे? काही जण म्हणतात, "शेवटले दिवस आले; आता प्रार्थनेवाचून दुसरे काय हाती आहे?" दुसरे म्हणतात, "हे शास्त्रज्ञांचे व सरकारचे काम. मंडळीने आत्म्यांची काळजी वाहावी." या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही. ते का होत नाही, हे सांगण्यासाठी आपण राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील एका काहीशा उपेक्षित अध्यायाकडे वळू या.

सात दिवसांची वाट

प्रसंग असा आहे. मवाबचा राजा मेशा इस्राएलच्या राजाला मेंढरांची व लोकरीची भली मोठी खंडणी देत असे. अहाब मरण पावल्यावर त्याने ती बंद केली. तेव्हा इस्राएलचा यहोराम, यहूदाचा यहोशाफाट व अदोमचा राजा असे तिघे मिळून त्याच्यावर चालून निघाले. कोणत्या वाटेने जावे, याचा विचार झाला आणि अदोमच्या रानातली वाट ठरली. सात दिवस सैन्य चालले, आणि मग पाणी संपले. माणसांना नाही, मागून येणाऱ्या जनावरांनाही नाही.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. वाट ठरवताना युद्धाचा विचार झाला. पाण्याचा विचार झाल्याचा एकही शब्द त्या वृत्तांतात नाही. सात दिवसांच्या वाटेवर किती माणसांना व किती गुरांना किती पाणी लागेल, हा हिशेब कोणी मांडला नाही, आणि देवाला विचारावे असेही आरंभी कोणाला सुचले नाही.

आपल्याकडील दुष्काळी भागाची कहाणी याहून फार निराळी नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. खाली दख्खनचा काळा कातळ. हा कातळ वाळूसारखा पाणी साठवून ठेवत नाही; त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये मुरेल तेवढेच पाणी विहिरीला मिळते. आपल्या पूर्वजांनी येथे ज्वारी, बाजरी, तूर, हुलगा, मटकी अशी थोड्या पाण्यावर येणारी पिके घेतली. नंतर पैशाच्या पिकांची वाट निवडली गेली. ज्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याची मारामार तेथे ऊस उभा राहिला. विहीर आटली की कूपनलिका, एक आटली की दुसरी, ती आणखी खोल. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. उसाला खात्रीचा भाव होता आणि ज्वारीला तशी खात्री नव्हती. संसार चालवणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे? परंतु पाण्याचा हिशेब न मांडता वाट ठरली, हे मात्र खरे. आणि त्या वाटेवर आपण सात दिवस चाललो आहोत.

दोन राजांची दोन उत्तरे

पाणी संपल्यावर यहोरामाच्या तोंडून प्रथम निघाले ते असे की, मवाबच्या हाती देण्यासाठीच परमेश्वराने आम्हा तिघा राजांना एकत्र आणले. वाट त्यांनी स्वतः निवडली होती, आणि दोष मात्र परमेश्वराला. आजही दुष्काळ पडला की आपण "देवाची इच्छा" म्हणतो, आणि ते शब्द जितक्या भक्तीने उच्चारले जातात तितकी भक्ती त्यांत नेहमी असतेच असे नाही. पुष्कळदा त्यांत स्वतःची सुटका असते. जन्मांध मनुष्याला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने त्या हिशेबात शिरण्याचे नाकारले आणि चिखल करून तो त्याच्या डोळ्यांना लावला (योहान ९). संकटात सापडलेल्याचे पाप शोधत बसणे प्रभूला मान्य नाही.

यहोशाफाट निराळे बोलला. विचारावे असा कोणी येथे आहे काय, एवढेच त्याने म्हटले. संकटात खरे विचारणे ही विश्वासाची पहिली कृती होय. कारण विचारणारा मनुष्य मान्य करतो की, मला ठाऊक नाही, आणि जे सत्य आहे ते ऐकण्याची माझी तयारी आहे, मग ते मला न आवडणारे का असेना.

आपल्या देशात हवेचे व पावसाचे शास्त्र उभे राहिले तेही संकटातूनच. १८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले. १८६६ मध्ये व पुन्हा १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडले. त्यानंतर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. याच खात्याचे प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मान्सून का फसतो याचा शोध घेताना जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि दूरच्या प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा व आपल्या पावसाचा संबंध उजेडात आणला. नगरच्या शेतकऱ्याचा पाऊस पेरूच्या समुद्राशी बांधलेला आहे, हे तेव्हा कळू लागले. परमेश्वराची सृष्टी एक आहे, असे आपण विश्वासाने म्हणत आलो. तेच येथे आकड्यांतून दिसले.

आज हे विचारण्याचे काम ज्या संस्था करतात त्यांतील एक प्रमुख संस्था पुण्यालाच आहे : भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. तेथील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा जो अहवाल २०२० साली निघाला, त्यातील काही गोष्टी प्रत्येक मंडळीच्या कानांवर पडल्या पाहिजेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण भागाचे पृष्ठतापमान सुमारे १ अंशाने वाढले. त्याच काळात जून ते सप्टेंबरचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व सह्याद्रीत विशेष दिसून आली. उलट, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याच्या घटना १९५० नंतरच्या साडेसहा दशकांत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे पाऊस एकंदरीत कमी, आणि पडतो तेव्हा मात्र धो धो. मध्ये लांबच लांब खंड. ज्या शेतकऱ्याने पेरणी करून वीस दिवस आभाळाकडे पाहिले आणि एकविसाव्या दिवशी बांध फुटलेला पाहिला, त्याला हे आकडे नवे नाहीत. त्याच्या अनुभवाचे कारण त्यांत आहे, एवढेच. तापलेला समुद्र हवेत अधिक बाष्प सोडतो, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. मग ते एकदम ओतले जाते.

शास्त्रज्ञ हे संदेष्टे नव्हेत, आणि त्यांच्या अनुमानांना आपण परमेश्वराचे वचन म्हणणार नाही. तरी ज्याने विचारले त्याला परमेश्वर उत्तर देतो, आणि ते उत्तर पुष्कळदा पर्जन्यमापकाच्या नळीतूनही येते.

कर्ता नसलेले क्रियापद

अलीशाच्या मुखातून उत्तर आले. त्याचा गाभा मूळ इब्रीत पाच शब्दांचा आहे, आणि भाषांतराच्या कामात मला ज्यांनी सर्वांत अधिक अडवले त्यांत या पाच शब्दांची गणना मी करीन. तेथे 'करणे' या अर्थाचे क्रियापद अशा रूपात आले आहे की, त्याला पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही. करायचे कोणी? काही भाषांतरकार ती आज्ञा समजतात : तुम्ही या ओढ्यात खड्डे करा. दुसरे काही तो देवाचा संकल्प समजतात : मी हा ओढा डबक्यांनी भरून टाकीन. दोन्ही अर्थांना आधार आहे.

या पेचातून मला पुष्कळ दिवस वाट सापडेना. मग लक्षात आले की, आपल्या मराठीत असे एक रूप आहेच. सरकारी पत्रात काय लिहिलेले असते? 'सदर काम त्वरित करणे.' कोणी करणे, हे त्यात नसते; परंतु ते वाचून कोणी स्वस्थ बसत नाही. आणि 'खड्डे' हा शब्द तर इब्रीत लागोपाठ दोनदा आला आहे, जसे आपण 'खड्डेच खड्डे' म्हणतो.

हाच उतारा एकदा कच्च्या मसुद्यातून मी नगर जिल्ह्यातील एका गावी वाचून दाखवला. भाषांतर लोकांना कळते की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही असे वाचन करीत असतो. वाचून झाल्यावर मी विचारले, "यात चमत्कार कोणता?" एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "खड्डं केल्यावर पाणी थांबायचंच की, साहेब. त्यात कसलं नवल? ढग दिसंना, वारा सुटंना, तरी माणसं खांदायला लागली, नवल ते." माझ्या हातातल्या कोणत्याही टीकाग्रंथात इतके नेमके विवेचन मला आढळले नव्हते.

खरोखर, वचनात स्पष्ट सांगितले आहे की, वारा दिसणार नाही, पाऊसही दिसणार नाही. म्हणजे खणणाऱ्यांना डोळ्यांपुढे काहीही पुरावा नव्हता. तहानेने कोरडा पडलेला मनुष्य कोरड्या ओढ्यात कुदळ चालवतो, ही प्रार्थनाच होय. आणि खड्डे म्हणजे पाणी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. हाच इब्री शब्द यिर्मयाच्या चौदाव्या अध्यायातील अवर्षणाच्या वर्णनात आला आहे; तेथे चाकर खड्ड्यांपाशी जातात आणि रिकामी भांडी घेऊन परततात. पाणी देणारा परमेश्वर आहे. आलेले पाणी वाहून जाऊ न देणे, एवढे काम त्याने आपल्याकडे ठेवले आहे.

नगरच्या भूमीत ही आज्ञा अगदी शब्दशः पाळली गेल्याची उदाहरणे आहेत. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी आयुष्याची कित्येक दशके येथील दुष्काळी गावांत काढली. त्यांच्या पुढाकाराने व नाबार्डच्या सहभागाने जर्मनीच्या साहाय्याचा पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ साली 'वॉटर' या नावाने ओळखली जाणारी पाणलोट संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या उजाड गावाची टेकडी त्यातून हिरवी झाली. २०२१ मध्ये फादर बाखर प्रभूकडे गेले. ते कॅथोलिक होते, मी प्रॉटेस्टंट आहे. कोरड्या ओढ्यात हा भेद फारसा उरत नाही.

या कामाची रीत साधी आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत यायचे. टेकडीवर समपातळीत चर खणायचे, म्हणजे धावणारे पाणी चालू लागते. उतारावर बांधबंदिस्ती व दगडी बांध, म्हणजे चालणारे पाणी थांबते. खाली नालाबांध, म्हणजे थांबलेले पाणी मुरते. माथा सोडून नुसता ओढा खोल केला तर वरची माती येऊन तो पुन्हा भरतो, हे जाणकार वारंवार सांगत आले आहेत. पवित्र शास्त्राला आपण स्थापत्याचे पाठ्यपुस्तक करू नये. परंतु सोपा भाग आधी करून फोटो काढण्याच्या मोहापासून मात्र आपण सावध राहावे.

काम झाल्यावर हिशेब लागतोच. नगरजवळच्या हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तो घालून दिला. दर वर्षी पडलेला पाऊस मोजायचा, पिण्यासाठी, गुरांसाठी व शेतीसाठी किती पाणी आहे हे ग्रामसभेत मांडायचे, आणि मग कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. ऊस नाही, शेतीसाठी कूपनलिका नाही. तीन राजांनी निघण्यापूर्वी जो हिशेब मांडला नाही तो हे छोटे गाव दर वर्षी मांडते. विदर्भ व मराठवाड्यातील सुमारे पाच हजार गावांसाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ साली सुरू झाला, तोही बदलत्या हवामानाशी शेती जुळवून घेण्यासाठीच.

अदोमकडून आलेले पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्पणाच्या वेळी, अदोमच्या दिशेने पाणी आले आणि प्रदेश भरून गेला. पाऊस त्यांच्यावर पडलाच नव्हता; दूर कोठे तरी वरच्या डोंगरात पडला आणि ओढ्यातून खाली आला. आपले पाणी नेहमी दुसऱ्याच्या भूमीवरून येते. वरच्या गावाने अडवले तर खालचे गाव तहानेले. वरच्याने माथा उघडा केला तर खालच्याच्या घरात गाळ.

हवेचेही तसेच आहे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत कोळसा व तेल जाळून ज्यांनी आपली भरभराट केली ते बहुतांशी एका बाजूला, आणि तापलेल्या हवेचा पहिला तडाखा सोसणारी कोरडवाहू शेतकरीण दुसऱ्या बाजूला. परंतु हे म्हणताना शहरातील आपण सुखवस्तू मंडळींनी बोट फक्त परदेशाकडे दाखवू नये. आपल्या घरातील वीज, गाडी, विमानप्रवास यांचा धूर त्याच आभाळात जातो. आपण कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो.

बुजवलेले झरे

येथवर प्रवचन सोपे होते. आता त्या शास्त्रपाठातील अवघड वचन येते, आणि ते टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पाणी मिळाले. त्याच भाषणात अलीशा पुढे बोलतो की, मवाबचे प्रत्येक चांगले झाड पाडले जाईल, सर्व झरे बुजवले जातील, प्रत्येक चांगले शेत धोंड्यांनी खराब केले जाईल. आणि पंचविसाव्या वचनात सैन्याने तसे केल्याचे लिहिले आहे. ज्यांना काल पाण्याचा थेंब नव्हता त्यांनी आज शेजाऱ्यांचे झरे बुजवले. मोशेच्या नियमशास्त्रात तर वेढा घातला असतानाही फळझाडे तोडू नयेत असे बजावलेले आहे (अनुवाद २०:१९). मग ही आज्ञा होती की केवळ भाकीत? इब्री क्रियापदांवरून दोन्ही होऊ शकते, आणि विद्वानांत मतभेद आहे. मी स्वतः त्याला भाकीत समजतो. अध्यायाचा शेवट माझ्या मनात राहतो : एका बापाने कोटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी दिला, मोठा क्रोध उसळला, आणि सैन्य माघारी गेले. पाण्याच्या देणगीने आरंभलेली मोहीम अशी संपली.

पाणी मिळाले म्हणजे न्याय झाला, असे नाही. पाणलोटाची कामे झालेल्या गावांतही हे दिसून येते. टेकडीवर चर खणायला भूमिहीन राबतात, आणि पाणी वाढते ते ओढ्याकाठी ज्याची विहीर आहे त्याचे. चराईबंदी झाली की रान हिरवे होते. परंतु दोन शेळ्यांवर जिचा संसार चालतो त्या विधवेने शेळ्या कोठे न्याव्यात, हे ठरावात लिहिलेले नसते. अलीशाच्या अभिवचनात मात्र तुम्ही, तुमची गुरे आणि तुमची जनावरे अशी तिघांचीही तहान मोजलेली आहे. शेळीला विसरलेली योजना त्या अभिवचनात बसत नाही.

आणि आपण तरी हे विसरू नये. महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांचा फार मोठा भाग अशा घराण्यांतून आला आहे ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावण्याची बंदी होती. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, कारण कायद्याने ते खुले झाले होते आणि माणसांनी नव्हते. ज्यांच्या पणज्या विहिरीपासून दूर घागर घेऊन कोणी पाणी वाढील म्हणून थांबल्या, त्यांनी आज आपल्या कूपनलिकेने शेजाऱ्याची विहीर कोरडी करावी काय? पाणी कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी तरी विचारला पाहिजे. तो ख्रिस्ती मनुष्याने विचारला तर ती त्याची साक्ष होईल.

मंडळीने काय करावे?

प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय, यात एक सुंदर वृत्तांत आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठ्या दुष्काळाची पूर्वसूचना दिली. अंत्युखियाच्या शिष्यांनी त्यावर वादविवाद केल्याचे लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांसाठी काही पाठवण्याचे ठरवले, आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ते पाठवलेही. पूर्वसूचना ऐकायची आणि दुष्काळ पडण्यापूर्वी हात पुढे करायचा, ही मंडळीची जुनी रीत आहे.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. तरुणपणी उपासमारीच्या दिवसांत त्यांनी आई, वडील व बहीण गमावली. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात आणि १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी तेथून शेकडो मुली व स्त्रिया केडगावला आणून त्यांना आसरा दिला. आणि याच बाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. मेजावर शब्दांची निवड आणि दुष्काळात माणसांची सेवा, ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. माझ्यासारख्या भाषांतरकाराला त्यांचे नाव घेताना थोडी लाज वाटते.

आज आपल्याला करण्याजोग्या काही साध्या गोष्टी मी सुचवतो.

पहिली : मंडळीच्या आवारातील विहीर पाहा. जुन्या मिशन आवारांत बहुधा ती असतेच, आणि पुष्कळ ठिकाणी ती कचऱ्याने बुजलेली असते. परक्याने नव्हे, आपणच बुजवलेला तो झरा आहे. ती साफ करा. मंदिराच्या छपराचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडा.

दुसरी : एक पर्जन्यमापक घ्या. संडे स्कूलच्या मुलांनी पावसाळ्यात रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजून वहीत लिहावा. पाच वर्षांत ती वही गावाच्या कामाची होईल, आणि मुलांना कळेल की परमेश्वराच्या सृष्टीकडे लक्ष देणे हीही उपासना आहे. विजांची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे पुण्याच्या संस्थेने तयार केलेले साधन तरुणांनी आपल्या फोनवर घ्यावे आणि वीज पडण्याचा इशारा येताच शेतातल्या माणसांना हाक मारावी. मराठवाड्यात वीज पडून माणसे जातात. एक हाक एक जीव वाचवू शकते.

तिसरी : आपल्या बुद्धिमान मुलामुलींना या विद्येकडे वळवा. वैद्यक व अभियांत्रिकी ही उत्तम क्षेत्रे आहेत. परंतु हवामानशास्त्र, भूजलशास्त्र, मृदाशास्त्र, कोरडवाहू शेती यांतही देवाचे पाचारण असते. राहुरीला व परभणीला कृषी विद्यापीठे आहेत, हैदराबादला कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९१० साली सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने अलाहाबादेत शेतकीची शाळा काढली. नांगर हाही सुवार्तेच्या सेवेत येतो, अशी त्यांची धारणा होती. ती परंपरा आपली आहे.

चौथी : सुगीच्या उपकारस्तुतीच्या वेळी वेदीपुढे ज्वारी-बाजरी आणाच, परंतु त्याच दिवशी गावाच्या पाण्याचा हिशेबही वाचून दाखवा. शहरातल्या मंडळ्यांनी अंत्युखियाप्रमाणे एखाद्या गावाशी नाते जोडावे. केवळ टँकरसाठी पैसे न पाठवता मे महिन्यात आठ दिवस कुदळ धरायला तरुण पाठवावेत.

यांतील कोणत्याही कामाने जगाचे तापमान उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या तीन राजांच्या सैनिकांनी खणलेल्या खड्ड्यांनीही अदोमच्या डोंगरावर पाऊस पाडला नव्हता. परंतु पाणी आले तेव्हा ते थांबायला जागा होती. तसे खड्डे नसते तर ते पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले असते, आणि मग यहोराम पुन्हा म्हणाला असता की, परमेश्वराने आम्हांला फसवले.

आपला प्रभू दुपारच्या उन्हात सुखारच्या विहिरीवर बसला, आणि जिच्या हातचे पाणी घेणे लोकांना विटाळाचे वाटे तिच्याकडे त्याने पाणी मागितले. वधस्तंभावर त्याला तहान लागली. तहानलेल्यांची तहान ज्याने स्वतःच्या देहात भोगली त्याच्या नावाने आपण एकत्र जमतो. म्हणून या उन्हाळ्यात आपल्या ओढ्याकडे पाहताना तो कोणी खणावा, असे विचारत बसू नका. त्या क्रियापदाला कर्ता नाही. 'करणे' एवढेच लिहिले आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, ज्या वाटा आम्ही हिशेब न मांडता निवडल्या त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. ढग दिसत नसतानाही खणण्याची श्रद्धा आम्हांला दे. पाणी येईल तेव्हा ते वाटून घेण्याची बुद्धी दे, आणि आमच्या हातून कोणाचाही झरा बुजू देऊ नकोस. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.